चौथं वचन

"तुम्ही? आणि त्या भुताखेतांच्या पानावर लिहिणार?" असं म्हणून बायको हसली. तिचं बरोबर आहे. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण ते चुका काढायला. कुणाला चिंचेखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी मनात म्हणायचो, आधी चष्म्याचा नंबर तपासून घे बाबा. मी एसटी स्टँडवर कंट्रोलर आहे. गाडी कुठल्या फलाटाला लागेल ते माइकवर सांगणं, आल्या-गेल्याची वेळ बघणं, हे माझं काम. सगळं जग निजलेलं असताना रिकाम्या फलाटांसमोर मी एकटा बसलोय. दिसले ते डास, आणि "करमाळा गाडी गेली का हो?" असं विचारणारे प्रवासी. बाकी काही नाही.

त्यात आम्ही ख्रिस्ती, तेही आजोबांच्या आधीपासूनचे. आमच्याकडे भूत, करणी, उतारा असलं मानणं म्हणजे विश्वास कच्चा असल्याची खूण. गेलेलं माणूस प्रभूजवळ असतं, ते जिन्यात फिरत नाही... हे मला लहानपणापासून शिकवलेलं आणि मी ते आजही मानतो. म्हणूनच पुढे जे सांगणार आहे ते कुठल्या फलाटाला लावायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

आम्ही सोलापूर शहरात, जुळे सोलापूर नावाच्या भागात राहतो. तिसरा मजला, वर गच्ची. समोरासमोर दोन फ्लॅट, मध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. उन्हाळ्यात आम्ही आतलं लाकडी दार उघडं ठेवतो, जाळीचं दार लावतो आणि त्याच्या आतून पडदा सोडतो. ही पडद्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरात मी, माझी बायको ज्योत्स्ना, माझे वडील — नाना — आणि आमची मुलगी सलोमी. नाना मंगळवेढ्याकडचे, सारा जन्म ज्वारी पिकवली. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली तेव्हा त्यांना इकडे घेऊन आलो. सलोमी तिसरीत होती. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि गेली. लिहायला एक ओळ लागते बघा. आयसीयूत आई-बापाला आत बसू देत नाहीत, तो सगळीकडचाच नियम. आम्ही काचेबाहेर उभे होतो. आतली धावपळ दिसली, मग धावपळ थांबली.

ज्योत्स्ना त्या काचेपाशीच राहिली म्हणा ना. घरी आली, स्वयंपाक करायला लागली, पण तिच्या डोक्यात एकच — ती एकटी गेली. सलोमीला एकटं झोपायची फार भीती. दिवा चालू हवा, शिवाय आईचा हात हवा. "तिला किती वेळ थांबावं लागेल माझ्यासाठी?" असं ज्योत्स्ना विचारायची. पास्टर येऊन प्रार्थना करून जायचे, चर्चच्या मंडळीतल्या बायका डबे आणायच्या. ती सगळ्यांना हो म्हणायची. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना मला म्हणाली, "मी जाते तिच्याकडं. तिला झोप येत नसेल." आवाज अगदी साधा, भाजी आणायला जाते म्हणावं तसा.

दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. गच्चीला कुलूप लावून घेतलं. सोसायटीत सांगितलं की पाण्याच्या टाकीजवळ पोरं खेळतात, धोका आहे. किल्ली माझ्या खिशात. ड्यूटीवरून दिवसातून कितीदा घरी फोन करायचो ते मलाच माहीत. तिने फोन उचलला की मी काहीतरी फालतू विचारायचो, दूध आलं का, नाना जेवले का. तिलाही कळत असणार मी का विचारतोय.

आता सलोमीची एक सवय सांगतो. रविवारी भक्ती सुटली की आमच्या बायका चर्चच्या पायऱ्यांवर बोलत उभ्या राहतात. कुणाचं लग्न जमलं, कुणाची सून आली, सगळी बातमीपत्रं तिथेच. मी फाटकाशी गाडी घेऊन चरफडत उभा. घड्याळाचा माणूस ना मी. सलोमी माझ्या आधीच येऊन घंटेखालच्या कट्ट्यावर बसलेली असायची. निंबोळ्या गोळा कर, मुंग्यांची रांग बघ, असं चाललेलं. ज्योत्स्ना येऊन विचारायची, "फार वेळ थांबलीस का गं?" तिचं उत्तर ठरलेलं. "आत्ता तर आले की." मी म्हणायचो, कार्टे, कधीची बसलीयेस. पण ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटायचं.

दुसरी गोष्ट घरभक्तीची. रोज दिवेलागणीला आम्ही चटईवर गोल बसायचो आणि शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक भाग आळीपाळीने वाचायचो. एकाने एक वचन, मग पुढच्याने पुढचं. बहुतेक ख्रिस्ती घरांत असंच असतं. आमचा क्रम कधी बदलला नाही. आधी नाना — ते पाठ असलेलं म्हणायचे — मग मी, मग ज्योत्स्ना, मग सलोमी, की परत नाना. सलोमी गेल्यावर हे बंद पडलं. कुणी बंद करू या म्हटलं नाही, चटई परत टाकलीच गेली नाही.

पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरचा मे, तव्यावर बसल्यासारखं वाटतं. त्या दिवशी लाईट गेलेली. उन्हं उतरत होती, पडदा लोंबत होता, वारा नावाला नाही. नाना अचानक म्हणाले, चटई टाक. मी ज्योत्स्नाकडे बघितलं. ती उठून निघून जाईल असं वाटलं, पण ती आली आणि तिच्या जागेवर बसली. मीही बसलो. बसल्यावर लक्षात आलं, तिच्या आणि नानांच्या मध्ये आम्ही जागा सोडली होती. कुणीही न सांगता.

नानांनी मेंढपाळाचं स्तोत्र घेतलं. लहान आहे, सगळ्यांना पाठ आहे, म्हणून घेतलं असणार. पहिलं वचन त्यांनी म्हटलं. दुसरं मी वाचलं. तिसरं ज्योत्स्नाने. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून शास्त्रातलं अक्षर निघत होतं, घोगरं, अडखळत. चौथं सलोमीचं. अंधाऱ्या दरीतून चालताना भय नाही, सोबतीला तू आहेस, अशा अर्थाचं. मला तेव्हा कळलं की हा क्रम कुठे येऊन थांबणार होता. मी मान वर केली नाही. खोलीत काहीच आवाज नव्हता, पंखासुद्धा बंद. आणि मग नाना बोलले. पाचवं वचन.

मला वाटलं ते विसरले. मी हळूच म्हटलं, नाना, चौथं राहिलं.

"राहिलं कसं?" नाना म्हणाले. "वाचलं की तिनं."

ज्योत्स्नाच्या मांडीवरून पुस्तक घसरलं. मी काही ऐकलं नव्हतं. तिनेही नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. नानांनी तिच्या दिशेला तोंड वळवलं, मग माझ्या, आणि विचारलं, तुमी न्हाय ऐकलं? म्हातारा माणूस, डोळे गेलेले, सवयीने कान वाजले असतील... मी मनातल्या मनात हिशोब लावतच होतो, तेवढ्यात जाळीचं दार वाजलं.

समोरच्या गौराक्का होत्या. अक्कलकोटकडच्या लिंगायत बाई, मुलाच्या बदलीमुळे महिन्याभरापूर्वीच समोर राहायला आल्या होत्या. घरात कन्नड, बाहेर मराठी. आमच्या घरात मुलगी होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्योत्स्नाने फोटो कपाटात ठेवून दिले होते आणि आम्ही आपणहून कुणाशी बोलत नव्हतो. ज्वारीच्या पापड्या घालायच्या आहेत, उद्या तुझी बायको मदतीला येईल का, असं विचारायला आल्या होत्या. मी पडदा बाजूला करून बाहेर गेलो. त्या माझ्या मागे वाकून बघत होत्या.

"पोरगी कुटं गेली?" त्यांनी विचारलं.

कोण पोरगी, म्हटलं. त्या म्हणाल्या, पाव्हण्याची असंल, आत वाचत हुती की. लई गोड. दरीचं कायतरी वाचत हुती, भ्याव न्हाय म्हनली. मी हितं उभी राहून ऐकलं, मधी बोलू नये म्हून.

मी लाकडी दार मागे ओढून घेतलं. एवढंच का, असं मी विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं असं मला ती सगळी संध्याकाळ वाटत राहिलं.

गौराक्का सांगायला लागल्या. वाचून झाल्यावर ती पोर पडद्याशी आली असं त्यांना वाटलं. दिसली नाही, आवाज जवळून आला. म्हणून त्यांनी विचारलं, कवा आलीस गं बाळ? तर आतून उत्तर आलं, आत्ता तर आले की. एकटीच आलीस का, असं त्यांनी पुढे विचारलं.

"तर म्हनली, न्हाई, आई आलीय की. आमी बरोबरच आलोय."

मी जिन्याचा कठडा धरला. मग त्यांना खरं काय ते सांगितलं. आमची मुलगी होती, पावसाळ्यात गेली. त्या खाली पायरीवरच बसल्या, छातीला हात लावून शिवा शिवा म्हणत राहिल्या. मी हात जोडले. म्हटलं, अक्का, हे ज्योत्स्नाला सांगू नका. ती आधीच तिकडे जायचं म्हणते. हे ऐकलं तर तिला बोलावणं आलं असंच वाटेल. त्यांनी मान डोलावली, पण डोळे माझ्यावर नव्हते.

माझी भीती समजून घ्या. मुलीचा आवाज आला म्हणून नाही घाबरलो मी. "आई आलीय की" याला घाबरलो. आई तर इथे आत चटईवर बसली होती, जिवंत. मग आलीय म्हणजे काय? येणार आहे? कधी... आज?

आत ज्योत्स्ना नानांचा हात धरून बसली होती. परत वाचू या, असं त्यांना विनवत होती. एकदाच, मला ऐकू दे. नानांनी नाही म्हटलं. आपण बोलवायचं नसतं पोरी, त्यो आपला अधिकार न्हाय, एवढंच बोलले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी नानांना सगळं सांगितलं. त्यांनी चाचपडत चटई गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "तू स्टँडावर बसतोस म्हून तुला गाड्या एकामागं एक दिसत्यात. वरनं बघणाऱ्याला सारा रस्ता एकदमच दिसतो. सुटलेली बी, पोचलेली बी. देवाकडं काल न्हाय, उद्या न्हाय. ती पोचली तवाच आपुन बी पोचलोय तिच्या संगट. आपल्याला फकस्त अजून चालायचं हाय."

मी चिडलो. हे प्रवचनात ऐकायला छान आहे नाना, म्हटलं, पण मला माझी बायको जिवंत पाहिजे. मुलगी गेली, आता हिला नाही जाऊ देणार, देवाच्या घड्याळात काही का वाजले असेनात. नाना रागावले नाहीत. माझा आवाज कापत होता हे त्यांना ऐकू येत होतं.

लाईट आल्यावर मी माझ्या पद्धतीने तपास केला. नानांना आत बसवून काहीतरी म्हणायला सांगितलं आणि स्वतः जाळीबाहेर उभा राहिलो. शब्द न् शब्द ऐकू येत होता. मग बाहेरून मी हलकेच बोललो, तर नानांना आत ऐकू आलं. म्हणजे गौराक्का दाराशी दोनदा बोलल्या असतील तर ते आम्हाला ऐकू यायलाच हवं होतं. आम्ही तिघंही हातभर अंतरावर होतो आणि त्यांचासुद्धा आवाज आमच्यापर्यंत आला नव्हता. खालच्या मजल्यावरची पोरं सुट्टीला गावी गेलेली. टीव्ही म्हणावा तर लाईट नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी. रजा मागितली, पण बदली माणूस मिळाला नाही. जाताना खिसा चाचपून बघितला, गच्चीची किल्ली होती. स्टँडवर काम सुचेना. मंगळवेढ्याची गाडी एका फलाटावर उभी आणि मी माइकवर दुसराच सांगितला, माणसं सामान घेऊन इकडून तिकडे पळाली. घरी फोन केला. वाजून वाजून थांबला. परत केला. परत तेच. नानांना फोन दिसत नाही, ते उचलत नाहीत, पण ज्योत्स्ना? सहकाऱ्याला हात जोडून खुर्चीत बसवलं आणि गाडीला किक मारली. होटगी रोडच्या सिग्नलला थांबलो की नाही, आठवत नाही.

जाळीचं दार सताड उघडं होतं. आत नाना एकटे बसलेले.

ज्योत्स्ना कुठे, असं मी ओरडलोच. नाना म्हणाले, वर गेली.

वर म्हणजे? किल्ली माझ्या खिशात होती. मी जिना चढताना तिचं नाव घेत होतो का प्रभूचं, मला सांगता येणार नाही. गच्चीचं दार उघडं होतं. कुलूप कडीला लटकत होतं, उघडलेलं. बाहेर पाऊल टाकलं तर उन्हाने डोळ्यापुढे पांढरं झालं आणि कठड्याजवळ मला तिची पाठमोरी साडी दिसली.

ती वाकली होती. गच्चीभर प्लास्टिकचा कागद अंथरला होता, कडेला विटा ठेवलेल्या, आणि त्यावर ज्वारीच्या पापड्या. ज्योत्स्ना एकेक उलटत होती. टाकीच्या सावलीत गौराक्का पातेलं खरवडत बसल्या होत्या. सोसायटीच्या चेअरमनकडे दुसरी किल्ली होती हे मला कधी सुचलंच नव्हतं, आणि गौराक्कांना वाळवणाला गच्ची हवी होती. इतकं साधं.

मी उभाच राहिलो. तिने वळून बघितलं, कपाळाला पीठ लागलं होतं.

"अक्कांनी सांगितलं मला," ती म्हणाली.

गौराक्का मान वर न करता म्हणाल्या, आईपासनं असलं लपवत न्हाईत बाबा. मी त्यांच्याकडे बघितलं असेल रागाने, पण माझं सगळं लक्ष ज्योत्स्ना आणि कठडा यांच्यामधल्या अंतरावर होतं.

"मला वाटायचं मी काचेबाहेर राहिले आणि ती एकटी गेली," ज्योत्स्ना म्हणाली. "पण ती तर म्हणाली, आम्ही बरोबरच आलोय. म्हणजे तिच्या बाजूने मी बाहेर राहिलेच नाही. तिच्या बाजूने थांबणंच नाही हो. ती आत गेली, वळून बघितलं, तर मी मागे आहेच."

"मग?" असं मी कसंबसं विचारलं. त्या एका शब्दात माझा जीव अडकला होता.

"मग मला घाई कशाला?" ती म्हणाली. "मी कधी का निघेना, तिला काही फरक पडत नाही." आणि मग रडायला लागली. पावसाळ्यापासून ती अशी रडली नव्हती, तोंड उघडून, आवाज करून. मीही रडलो. गौराक्कांनी पदर डोळ्याला लावला आणि पापड्यांवर पाणी पडू देऊ नका म्हणाल्या. थोड्या वेळाने ज्योत्स्नाने नाक पुसलं, मला हात धुऊन यायला सांगितलं आणि कडेची रांग उलटायला लावली. वर्षभर पुरतील एवढ्या करायच्या आहेत, म्हणाली. मी खाली जाऊन हात धुतले. नळ चालू ठेवून बराच वेळ तिथेच उभा होतो, कारण 'वर्षभर' असा पुढचा शब्द तिच्या तोंडून ऐकणं मी विसरूनच गेलो होतो.

सगळं बरं झालं असं लिहिणार नाही. गोळ्या पुढेही चालू राहिल्या, डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत ज्योत्स्ना अजूनही गप्प होते. फोटो मात्र आता भिंतीवर आहे. पास्टरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. मेलेल्यांशी बोलणं शास्त्राला मान्य नाही, याची त्यांनी आठवण करून दिली. मी म्हटलं, आम्ही कुठं बोललो? आम्हाला तर ऐकूसुद्धा आलं नाही. जी बाई बोलली ती शंकराची भक्त. यावर ते थोडे हसले, आणि आपण प्रार्थना करू या म्हणाले.

आम्ही परत कधी मुद्दाम ते स्तोत्र घेतलं नाही. क्रमात आलं की येतं. तेव्हा चौथं वचन आम्ही तिघं मिळून वाचतो. गौराक्कांना मी अनेकदा उलटसुलट विचारलं. त्यांचं सांगणं एका शब्दाने बदललेलं नाही. "आत्ता तर आले की" हे चर्चच्या कट्ट्यावरचं उत्तर त्यांना कोण सांगणार होतं? माझ्याकडे याचं स्पष्टीकरण तेव्हा नव्हतं, आज नाही. तुमच्यापैकी कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा, फक्त पिंपळ-चिंच मधे आणू नका.

मागच्या रविवारी भक्ती सुटली. ज्योत्स्ना पायऱ्यांवर बोलत उभी राहिली, पूर्वीसारखी. फार दिवसांनी मी तिला असं हातवारे करत बोलताना बघितलं. मी गाडी लावून घंटेखालच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. निंबोळ्या पडल्या होत्या, मुंग्यांची रांग चालली होती. बऱ्याच वेळाने ती आली, पदर सावरत, जरा ओशाळून. आता हा माणूस चरफडणार, असं तिला वाटलं असावं.

"फार वेळ थांबलात का हो?" तिने विचारलं.

"आत्ता तर आलो की," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग गाडीवर मागे बसली, खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही घरी आलो.